डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस

सरकारी आरोग्य विमा योजनेत उपचार आधी होतात, पैसे मागून येतात. रुग्णाच्या खिशातून काही जात नाही म्हणून त्याला ‘कॅशलेस’ म्हणायचे. रुग्णालयाच्या बाजूने पाहिले तर हा सगळा उधारीचा व्यवहार आहे. शस्त्रक्रियेचे सामान, औषधे, भूलतज्ज्ञांचे मानधन, परिचारिकांचे पगार, वीजबिल हा खर्च रुग्णालयाने केलेला असतो आणि त्याचा दावा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘क्लेम’, रुग्ण घरी गेल्यावर योजनेकडे जातो. ती रक्कम पंधरा दिवसांत बँकेत जमा होते की सहा महिन्यांनी, यावर पुढच्या महिन्यात योजनेतले किती रुग्ण घ्यायचे हे रुग्णालय ठरवते. कार्डावर पाच लाखांचे संरक्षण लिहिलेले असले तरी ते खरे किती हे या मागून येणाऱ्या पैशावर अवलंबून आहे.

महाराष्ट्रात ही पद्धत रुळली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेपासून. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोचली आणि २०१७ साली तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. दरम्यान केंद्राने २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा शुभारंभ केला: दर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालतात. आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती असलेली राज्याची योजना जुलै २०२३ च्या निर्णयाने सर्व कुटुंबांना खुली झाली आणि तिची मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत घेतले. देशभरात या योजनेशी जोडलेल्या सरकारी-खासगी रुग्णालयांची संख्या आता तीस हजारांच्या वर आहे. लाभार्थी असे झपाट्याने वाढले. क्लेम तपासणारे हात आणि क्लेमसाठी राखलेला पैसा त्याच वेगाने वाढला का, हा प्रश्न मात्र घोषणेच्या दिवशी कोणी विचारत नाही.

पैसे नेमके कोण देते, याच्या तीन रचना आहेत. विमा पद्धतीत राज्य सरकार कुटुंबामागे ठरावीक हप्ता विमा कंपनीला देते आणि क्लेम कंपनी भागवते. ट्रस्ट किंवा हमी पद्धतीत मधली कंपनी नसते. राज्याची आरोग्य संस्था सरकारी तिजोरीतूनच थेट रुग्णालयाला पैसे देते आणि कागद तपासण्यापुरता एखाद्या ‘टीपीए’ला, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीला, नेमते. तिसरी रचना मिश्र. महाराष्ट्राने २०२० नंतर हीच वापरली: दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर, त्यापुढचा पाच लाखांपर्यंतचा राज्य आरोग्य हमी सोसायटीवर. आयुष्मान योजनेतला खर्च केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात, ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांत हे प्रमाण ९० : १० आहे. थोडक्यात, तालुक्याच्या गावात झालेल्या एका शस्त्रक्रियेचे पैसे येण्यासाठी दिल्लीचा हिस्सा, मुंबईचा हिस्सा आणि कधी विमा कंपनीचा निर्णय अशा सगळ्या गोष्टी जुळून याव्या लागतात.

एक क्लेम जवळून पाहिला तर वेळ कुठे जातो ते कळते. समजा, तीस खाटांच्या एका रुग्णालयात मांडीचे हाड मोडलेला शेतमजूर आला. दाराजवळच्या टेबलावर बसलेला आरोग्यमित्र त्याचे रेशनकार्ड किंवा आयुष्मान कार्ड आणि आधार पाहून नोंदणी करतो. मग रुग्णालयाचा वैद्यकीय समन्वयक, ज्याला सगळे ‘मेडको’ म्हणतात, एक्स-रे आणि तपासणीचे कागद चढवून पूर्वपरवानगी मागतो. बोलीभाषेत ‘प्री-ऑथ टाकतो’. पलीकडे बसलेला डॉक्टर ते पाहून मंजुरी देतो. शस्त्रक्रिया होते, हाडात रॉड बसतो, काही दिवसांनी रुग्ण घरी जातो. आता क्लेम भरायचा. त्यात शस्त्रक्रियेची नोंद, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, बसवलेल्या रॉडच्या वेष्टनावरचा बारकोडचा स्टिकर, भूल दिल्याची नोंद, रोजच्या तपासणीचे कागद, रुग्णाचा फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा एवढे सगळे लागते. स्टिकर ऑपरेशन थिएटरमध्येच कचऱ्यात गेला तर पुढचे दोन महिने त्याचाच शोध चालतो.

चढवलेला क्लेम आधी क्लेम एक्झिक्युटिव्हकडे जातो. तो वैद्यकीय बाजूत शिरत नाही. नाव जुळते का, तारखा जुळतात का, कागद पूर्ण आहेत का एवढेच पाहतो. त्यानंतर क्लेम पॅनेलचा डॉक्टर उपचार योग्य होता का आणि पॅकेज, म्हणजे त्या उपचाराचा आधीच ठरलेला दर, बरोबर लावले का ते तपासतो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात: मंजूर करणे, काही रक्कम कापून मंजूर करणे, नाहीतर नाकारणे. खरी वर्दळीची वाट मात्र चौथी, ‘क्वेरी’ची. एक्स-रे अस्पष्ट आहे, डिस्चार्ज कार्डावर वेळ नाही, सही जुळत नाही, असा शेरा मारून क्लेम परत येतो. रुग्णालय उत्तर देते, क्लेम पुन्हा रांगेत लागतो. मंजुरी मिळाली की राज्य संस्थेच्या लेखा विभागाकडे, तिथून बँकेकडे. शेवटी १० टक्के टीडीएस वजा होऊन रक्कम खात्यात येते, सोबत बँक व्यवहाराचा ‘यूटीआर’ क्रमांक. पुष्कळदा ही रक्कम अनेक रुग्णांची मिळून एकगठ्ठा असते. कोणत्या रुग्णाचे किती आले, किती कापले आणि टीडीएस किती, हा ताळमेळ लावण्यात रुग्णालयाच्या हिशेबनिसाचा आठवडा जातो.

नियम स्पष्ट आहे. आयुष्मान योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार राज्यातल्या रुग्णालयाचा क्लेम दाखल झाल्यापासून १५ दिवसांत आणि परराज्यातल्या रुग्णाचा ३० दिवसांत भागवला पाहिजे. विमा पद्धतीच्या नमुना करारात तर उशीर झाल्यास दर आठवड्याला क्लेमच्या एक टक्का दराने दंडव्याज रुग्णालयाला द्यावे, असे कलम आहे. हे व्याज विमा कंपनीवर लागते. सरकार स्वतःच पैसे देणारे असते तेव्हा तेवढाच धाक उरत नाही, कारण देणारा, तपासणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असतो. ज्या राज्यांनी विमा कंपन्यांच्या नफेखोरीला कंटाळून ट्रस्ट पद्धत घेतली त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. हप्त्यातला नफा वाचतो हे खरेच. पण कंपनीवर चालणारा व्याजाचा आसूड सरकारवर चालवायला कोणी राहत नाही, ही त्या बदलाची न बोललेली किंमत.

शिवाय पंधरा दिवस मोजायचे कसे, यातही मेख आहे. मोजणी क्लेम दाखल झाल्यापासून सुरू होते आणि क्वेरी आली की तो काळ रुग्णालयाच्या नावावर पडतो. दहाव्या दिवशी एक क्वेरी, तिचे उत्तर दिल्यावर नव्या मुद्द्याची दुसरी क्वेरी, असे झाले तर दोन महिने उलटूनही कागदावर विलंब शून्य दिसू शकतो. रुग्णालयाला डिस्चार्जची तारीख आठवते, यंत्रणेला शेवटच्या उत्तराची. एकीकडे रुग्णालयांच्या संघटना ‘सहा महिने पैसे नाहीत’ म्हणतात आणि दुसरीकडे अधिकारी ‘बहुतेक क्लेम मुदतीत’ असे सांगतात, त्याचे एक कारण या दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांत आहे. दोघेही खोटे बोलत असतात असे नाही.

उशिराचा काही भाग रुग्णालयाच्या दारातच तयार होतो, हेही मान्य केले पाहिजे. मोठ्या रुग्णालयात योजनेसाठी वेगळा विभाग, चार-पाच संगणक आणि सरावलेले कर्मचारी असतात. छोट्या रुग्णालयात तोच एक मुलगा नोंदणी करतो, स्कॅन करतो, फोनही घेतो. तो रजेवर गेला की क्लेम थांबतात. डॉक्टर शस्त्रक्रियेची नोंद घाईत दोन ओळींत उरकतात आणि तीच पुढे क्वेरी होऊन परत येते. आरोग्यमित्र बदलला, पॅकेजची यादी सुधारली, पोर्टलची नवी आवृत्ती आली की पहिले काही आठवडे चुका वाढतात. उपचार पॅकेजेसची राष्ट्रीय यादी २०१८ मध्ये १,३९३ प्रकारांची होती, २०२२ च्या आवृत्तीत ती १,९४९ वर गेली. यादी बारकाईने लिहिली गेली हे चांगले. पण एका आजाराला जवळजवळ सारखी दिसणारी तीन पॅकेजेस असली की चुकीचे पॅकेज लागण्याची शक्यताही तेवढीच वाढते.

या सगळ्यापेक्षा मोठे कारण मात्र कागदात नसून पैशात आहे. आरोग्य योजनेची मागणी आधी ठरत नाही. किती लोकांचे हृदय बंद पडेल, किती अपघात होतील हे अर्थसंकल्पात लिहिता येत नाही. तरतूद मात्र वर्षाला एकदाच होते. वर्षाच्या मध्यावर तरतूद संपत आली की पुरवणी मागण्यांची वाट पाहायची. केंद्राचा हिस्सा येण्यासाठी आधीच्या खर्चाची उपयोगिता प्रमाणपत्रे हवीत, राज्याचा हिस्सा वेळेत पडायला हवा आणि दोन्ही एका खात्यात आले तरच पैसा हलतो. विमा पद्धतीत हीच अडचण वेगळ्या वेषात येते: सरकारकडून हप्ता थकला की कंपनी क्लेम रोखते, किंवा हप्ताच इतका कमी बोलीने ठरलेला असतो की क्लेम वाढू लागल्यावर कंपनीला तोटा दिसतो आणि मग क्वेऱ्यांची संख्या एकाएकी वाढते. अशा वेळी क्वेरी हे तपासणीचे साधन राहत नाही, ती पैसे लांबवण्याची सोय होते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात; पडद्यावर तोच शेरा, तीच लाल खूण.

गेल्या काही वर्षांतल्या ठळक घटना याच कारणाकडे बोट दाखवतात. पंजाबने डिसेंबर २०२१ च्या अखेरीस विमा कंपनीशी असलेला करार मोडला आणि त्यानंतर थकबाकी साचत गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये चंडीगडच्या पीजीआयने, म्हणजे केंद्र सरकारच्याच नामांकित वैद्यकीय संस्थेने, पंजाबच्या योजनेतल्या रुग्णांना कॅशलेस उपचार देणे थांबवले. थकलेली रक्कम सुमारे १६ कोटी होती. ती मार्गी लागल्यावर सेवा पुन्हा सुरू झाली. हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने हाक दिली आणि सहाशेच्या वर खासगी रुग्णालयांनी आयुष्मानची सेवा बंद केली. थकबाकी सुमारे ५०० कोटी असल्याचे संघटनेचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात तेलंगणातल्या आरोग्यश्रीच्या रुग्णालयांनी तेच केले आणि दरमहा १०० कोटी देण्याचे सरकारने कबूल केल्यावर माघार घेतली. आरोग्यश्री ही २००७ साली अविभाजित आंध्र प्रदेशात सुरू झालेली, पुढच्या अनेक राज्यांच्या योजनांना नमुना ठरलेली योजना. तिथेच ही वेळ यावी, याचा अर्थ अनुभवाने हा आजार आपोआप बरा होत नाही.

उशिराची किंमत काढायला मोठे अर्थशास्त्र लागत नाही. एखाद्या रुग्णालयाचे योजनेतले काम महिन्याला २० लाखांचे आहे असे धरू. पैसे १५ दिवसांत आले तर कोणत्याही वेळी सुमारे १० लाख रुपये बाहेर अडकलेले असतात. सहा महिने लागले तर अडकलेली रक्कम १ कोटी २० लाख होते. ती बँकेच्या कर्जातून भागवली आणि व्याज १२ टक्के धरले, तर वर्षाला १४ लाख ४० हजार रुपये व्याजातच जातात. वर्षभराचे काम २ कोटी ४० लाखांचे. म्हणजे ६ टक्के गेले. पॅकेजचे दर जिथे आधीच काटकसरीने ठरवलेले आहेत तिथे ही सहा टक्के दरकपातच आहे, फक्त ती कोणत्याही शासन निर्णयात छापलेली नाही. सरकारने उद्या सगळे दर सहा टक्क्यांनी कमी केले तर केवढा गदारोळ होईल. उशिरामुळे तेच घडते तेव्हा त्याची बातमीही आतल्या पानावर येते.

रुग्णालयाला स्वतःची देणी अशी लांबवता येत नाहीत. पगार एक तारखेला. बाहेरून येणाऱ्या सर्जनचे मानधन केसमागे. रॉड, प्लेट किंवा स्टेंट एखाद्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून घेतला असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत चुकवलेला खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात वजावटीला धरला जात नाही, अशीही तरतूद आता लागू आहे. सरकारने केलेला कायदा रुग्णालयाला ४५ दिवस देतो आणि सरकारची योजना त्याच रुग्णालयाचे पैसे त्याहून अधिक काळ ठेवून घेते, ही विसंगती कोणी मुद्दाम आखलेली नाही, पण ती रोज भोगावी लागते.

मोठी साखळी रुग्णालये हा ताण सोसतात. त्यांच्याकडे खासगी विम्याचे आणि रोख पैसे देणारे रुग्ण असतात. मार बसतो तो तालुक्याच्या आणि छोट्या शहरांतल्या रुग्णालयांना, जिथे येणाऱ्यांत योजनेचेच रुग्ण जास्त. योजनेतून थेट बाहेर पडणे क्वचितच घडते. आधी डायलिसिससारखे रोजचे आणि अंगावर पडणारे काम कमी होते, मग महागड्या सामानाच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात, मग ‘योजनेची खाट सध्या शिल्लक नाही’ हे उत्तर सवयीचे होते. कुठे अनामत मागितली जाते, कुठे औषधे बाहेरून आणायला सांगतात. योजनेच्या नियमात हे सरळ गैर आहे आणि त्यासाठी दंडही आहे; थकबाकी हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण सहा महिने पैसे न मिळालेल्या रुग्णालयाला जाब विचारणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज खाली येतो, हे वास्तव आहे. आणि जी रुग्णालये सगळ्यांत आधी सोडून जातात ती बहुधा सरळ काम करणारी असतात. बनावट क्लेम करणाऱ्याला सहा महिने थांबणे परवडते. त्याचा खर्च झालेलाच नसतो.

या वाक्यातच तपासणी का सोडता येत नाही याचेही उत्तर आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या योजनेवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच, दहा वेळा नऊ असलेल्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले त्यात आढळले. नोंदीत आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेल्याचेही नमूद होते. मोबाइल क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला. तो बरोबर असला तरी नोंदी किती सैल होत्या ते लपत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने गावात शिबिर भरवून लोकांना आणले, त्यांच्यावर अँजिओप्लास्टी केल्या आणि दोघांचा मृत्यू झाला. योजनेच्या पैशासाठी गरज नसलेल्या शस्त्रक्रिया झाल्याचा आरोप त्यात होता. संसदेत दिलेल्या माहितीनुसार गैरप्रकारांसाठी देशभरात ११०० हून अधिक रुग्णालये योजनेतून काढून टाकली गेली आहेत. सबब, ‘आलेला प्रत्येक क्लेम डोळे झाकून भागवा’ हा उपाय कोणीही गांभीर्याने सुचवत नाही.

प्रश्न तपासणी कुठे आणि कोणाची करायची हा आहे. मोतीबिंदूच्या साध्या शस्त्रक्रियेचा क्लेम आणि दीर्घ अतिदक्षता उपचारांचा क्लेम एकाच रांगेत, एकाच बारकाईने तपासणे म्हणजे डॉक्टरांचा वेळ फुकट घालवणे. कमी रकमेचे, ठरावीक स्वरूपाचे क्लेम संगणकीय नियमांनी आपोआप मंजूर करून त्यातले काही निवडून नंतर तपासायचे, आणि माणसांची नजर जिथे पैसा आणि संशय दोन्ही जास्त आहेत तिथे वळवायची, ही दिशा आयुष्मान योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने धरलेली आहे. त्याच प्राधिकरणाच्या ‘ग्रीन चॅनल’ पद्धतीत चांगला इतिहास असलेल्या रुग्णालयाला क्लेम दाखल होताच निम्मी रक्कम मिळते आणि उरलेली तपासणीनंतर. कल्पना साधी आणि योग्य आहे. रुग्णालयाची रोकड चालू राहते, सरकारच्या हातात निम्मी रक्कम राहते आणि पुढे खोट निघाली तर ती पुढच्या क्लेममधून वसूल करता येते. अडचण एवढीच की तिच्यासाठी आधी खात्यात पैसे असावे लागतात.

क्वेरीचा प्रश्न याहून स्वस्तात सुटण्यासारखा आहे. ज्या कागदाशिवाय क्लेम मंजूरच होणार नाही, तो कागद नसेल तर पोर्टलने क्लेम दाखलच होऊ देऊ नये. मग पंधरा दिवसांनी ‘एक्स-रे नाही’ असा शेरा येण्याचा प्रसंगच राहत नाही. शंका असतील त्या सगळ्या एकाच वेळी विचाराव्यात, आणि नंतर नवा मुद्दा काढायचा तर वरिष्ठाची संमती लागावी. अमेरिकेतल्या मेडिकेअरमध्ये ‘निर्दोष क्लेम’ ही कायद्याने सांगितलेली गोष्ट आहे: कागद पूर्ण असलेला क्लेम ३० दिवसांत भागवला नाही तर सरकारी योजनेलाही व्याज द्यावे लागते. गंमत म्हणजे तिथे संगणकावरून आलेला क्लेम चौदाव्या दिवसाआधी भागवायलाही मनाई आहे. सरकारी तिजोरीला घाईही नको आणि उशीरही नको. दक्षिण कोरियात क्लेम तपासणारी संस्था आणि पैसे देणारी संस्था वेगळ्या आहेत. तपासणाऱ्याला पैसे वाचवण्याचा किंवा लांबवण्याचा मोह राहत नाही, हा त्या विभागणीचा फायदा आपल्याकडच्या ट्रस्ट पद्धतीसाठी विशेष विचार करण्याजोगा आहे.

आपल्याच देशात खासगी विम्याला वेळेची शिस्त लावता आलेली आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची विनंती एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत निकाली काढावी लागते. त्याहून उशीर झाला तर रुग्णालयाने लावलेला जादा खर्च विमा कंपनीने सोसायचा. ही मुदत मंजुरीची आहे, पैसे जमा होण्याची नव्हे, तरीही उशिराचा भुर्दंड उशीर करणाऱ्यावर टाकण्याचे तत्त्व तिच्यात आहे. क्लेमची माहिती सर्व रुग्णालये आणि विमा कंपन्यांनी एकाच साच्यात पाठवावी यासाठी राष्ट्रीय आरोग्य क्लेम एक्स्चेंजही उभे राहिले आहे. सरकारी योजना त्यावर पूर्णपणे आल्या, तर प्रत्येक राज्याच्या पोर्टलची वेगळी तऱ्हा शिकण्याचा त्रास वाचेल. मात्र क्लेम पोचण्याचा वेग वाढल्याने पैसे निघण्याचा वेग वाढतोच असे नाही. सॉफ्टवेअरच्या कौतुकात ही गोष्ट हमखास निसटते.

म्हणून सर्वांत कठीण आणि सर्वांत परिणामकारक उपाय अर्थखात्यातच आहेत. गेल्या वर्षीचे क्लेम, वाढलेले लाभार्थी आणि सुधारलेले दर यांवरून अंदाज बांधून तरतूद करणे. दोन-तीन महिन्यांचे क्लेम भागतील एवढा फिरता निधी वेगळ्या खात्यात ठेवणे, म्हणजे केंद्राचा हप्ता लांबला तरी रुग्णालयापर्यंत झळ पोचत नाही. आणि वर्षअखेरीस उरलेले देणे पुढच्या तरतुदीवर पहिला हक्क म्हणून चढवणे. ट्रस्ट पद्धतीतही विलंबाचे व्याज रुग्णालयाने अर्ज न करता संगणकानेच मोजून जमा करावे. व्याजाची रक्कम फार मोठी नसेल, पण ती अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीने दिसू लागली की विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. तोवर मंजूर झालेला क्लेम तारण मानून बँकेने कमी व्याजात उचल देण्याची सोयही करता येईल. लघुउद्योगांच्या बिलांसाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी ‘ट्रेड्स’ व्यासपीठे अशाच तत्त्वावर काम करतात. तिथे व्याज मात्र पैसे थकवणाऱ्याच्या माथी पडले पाहिजे, नाहीतर उशीर कायमचा वैध होऊन बसेल.

सरकारी रुग्णालयांचे काय, हा प्रश्न या चर्चेत बाजूला पडतो. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयेही योजनेत क्लेम करतात. त्यांचे पगार तिजोरीतून होत असल्याने थकबाकीमुळे ती बंद पडत नाहीत, आंदोलनही करत नाहीत. त्यामुळे त्यांचे क्लेम मागे राहिले तरी कोणाला टोचत नाही. पण या पैशातूनच तिथे सामान घेता येते, यंत्रे दुरुस्त होतात, कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता मिळतो. हा पैसा आला नाही की रुग्णाला बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी मिळते, आणि ज्याच्यासाठी योजना काढली तोच माणूस खिशात हात घालतो.

तक्रारीसाठी जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर निवारण समित्या आहेत. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. नाकारलेल्या किंवा कापलेल्या क्लेमसाठी रुग्णालयाला तिथे दाद मागता येते, पण तिजोरीत पैसाच नसेल तर जिल्हाधिकारी तरी काय करणार. जिल्ह्यापुरते हाताशी असलेले साधन वेगळे आहे: डिस्चार्जपासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले, त्यांतले किती रुग्णालयाकडे गेले, किती तपासणीत आणि किती मंजुरीनंतर पैशाची वाट पाहण्यात, ही तीन भागांतली माहिती दर महिन्याला जिल्हावार प्रसिद्ध करणे. प्रत्येक टप्प्याची तारीख आणि वेळ पोर्टलवर आजही नोंदलेली असते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी तरतूद लागत नाही. ती माहिती बाहेर काढण्याचा एक शासन निर्णय पुरेसा आहे.